ॲब्सिंथ : साहित्य व कला

कडूदवणा, ॲनिस व बडीशेप ह्यांच्या अर्कांनी युक्त असे हिरवट, ऊर्ध्वपातित मद्य. त्यात अल्कोहॉलाचे प्रमाण सामान्यतः ४५ ते ७४% असते. थंड पाणी घातल्यावर त्यातील तेले विलग होऊन ते दुधाळ बनते. कडूदवणा ही महाराष्ट्रातील परिचित दवण्याच्याच प्रजातीतील वनस्पती होय. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ ह्या ग्रंथात पाणी कडू करणाऱ्या ताऱ्यास हेच नाव असल्याने विनाशाचा संकेत त्याच्याशी पूर्वीपासूनच जोडलेला होता.

हे मद्य अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये तयार होऊ लागले. १८०५ मध्ये फ्रान्समधील पोंतार्लिए येथे पेर्नो ह्यांचा कारखाना निघाला. अल्जीरियातील मोहिमांत फ्रेंच सैनिकांना ज्वरावरील उपाय म्हणून ते दिले जाई. पुढे फायलोक्सेरा ह्या किडीमुळे द्राक्षमळे उद्ध्वस्त झाले, वाइन महागली आणि ॲब्सिंथचा खप वाढला. ‘हरित परी’ हे त्याचे लोकप्रिय नाव ह्याच काळात रूढ झाले.

एद्वार माने ह्याचे ॲब्सिंथ पिणाऱ्याचे चित्र १८५९ मध्ये पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने नाकारले. एद्गार दगा ह्याच्या चित्रातील (१८७५–७६) खिन्न जोडपे वस्तुतः एक अभिनेत्री व एक चित्रकार ह्यांना समोर बसवून रंगविलेले होते. तथापि १८९३ मध्ये लंडनमध्ये ते अधःपाताचे चित्र म्हणून गाजले. व्हेर्लेन ह्या कवीने आपल्या आत्मकथनात ह्या पेयाला दोष दिला, तर मारी कोरेली हिने वर्मवुड (१८९०) ह्या कादंबरीत त्यामुळे झालेला सर्वनाश रंगविला. पिकासोने मात्र १९१४ मध्ये त्याच्या पेल्याचे शिल्प केवळ आकाराच्या कुतूहलाने घडविले.

मान्यां ह्या फ्रेंच मनोविकारतज्ञाने कडूदवण्याचे संहत तेल प्राण्यांना देऊन झटके येतात, असे दाखविले होते. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका मजुराने पत्नी व दोन मुलींची हत्या केली. त्याने त्या दिवशी वाइन व ब्रँडी भरपूर घेतली होती. तरीही दोष ॲब्सिंथवरच आला. स्वित्झर्लंडने १९१० पासून व फ्रान्सने १९१५ मध्ये त्यावर बंदी घातली. २००८ मध्ये बंदीपूर्व बाटल्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील थुजोनाचे प्रमाण उन्माद घडविण्याइतके नसल्याचे दिसून आले. अपाय मुख्यत्वे अल्कोहॉलाचाच होता. स्वित्झर्लंडमधील बंदी २००५ मध्ये व फ्रान्समधील कायदा २०११ मध्ये रद्द झाला. साहित्य व चित्रकला ह्यांनी निर्माण केलेली प्रतिमा रासायनिक वस्तुस्थितीपेक्षा किती प्रभावी ठरू शकते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.