पत्ती, रुई, कापूस, कॉटन

भिवंडीत एका मालाची चार नावं एका दिवसात कानावर पडतात. पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत त्याला पत्ती म्हणतात आणि पिंजून मऊ झाला की दूदी. उर्दू बोलणाऱ्या मोमीन-अन्सारी विणकरांच्या मोहल्ल्यांत झाडावरचा तो कपास आणि सरकी काढली की रुई. आसपासच्या आगरी आणि कुणबी गावांत तो कापूस. सुताच्या पेढीवर भाव ठरू लागला की याच तिन्ही घरांतली माणसं एकमेकांशी ‘कॉटन’विषयी बोलतात.

ही चार नावं निरनिराळ्या वाटांनी इथवर आली आहेत. जगभरच्या भाषांत कापसाला जी नावं आहेत, त्यांतली बरीचशी अशाच मोजक्या वाटांवर वसलेली आहेत. नाव ऐकलं की त्या देशाला कापूस कुणाच्या हातून मिळाला, हे पुष्कळदा ओळखता येतं.

भिवंडी स्वतःच वाटेवरचं गाव आहे. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातले हातमाग विणकर मुंबई-आग्रा रस्त्याने खाली उतरले. कुणी बुऱ्हाणपुरात राहिलं, कुणी धुळ्यात किंवा मालेगावात आणि कुणी भिवंडीत. पुढे १९३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतले जुने माग इथल्या हातमागांच्या जागी बसू लागले. जुन्या धाटणीच्या शेडमध्ये आजही पाऊल टाकलं की आधी बोलणं खुंटतं, कारण खटखटाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही. धोटा डावीकडून उजवीकडे जातो आणि डोळा लवायच्या आत परत येतो. त्याच्या पोटातली कांडी संपली की कामगार माग थांबवतो, रिकामी कांडी काढतो, भरलेली बसवतो, धागा ओवून घेतो आणि दांडा ओढतो. हे सगळं चालू असताना त्याची नजर बाजूच्या मागावर असते. त्याच्या भुवयांवर, ट्यूबलाइटवर आणि बीमच्या कडांवर पांढरी लव साचलेली दिसते. ज्या वस्तूची ही कुळकथा आहे, ती हीच.

मराठी ‘कापूस’ प्राकृत ‘कप्पास’मधून आला आणि कप्पास संस्कृत ‘कर्पास’ किंवा ‘कार्पास’मधून. शेतातल्या उभ्या पिकाला आपण कपाशी म्हणतो, तीही त्याच घरातली. मनुस्मृतीत ब्राह्मणाचं जानवं कापसाचं, क्षत्रियाचं तागाचं आणि वैश्याचं लोकरीचं असावं असं सांगितलं आहे, तिथे हाच शब्द आहे. पण त्याच्या मागे जाऊ लागलं की वाट अंधुक होते. ऋग्वेदात लोकर आहे, विणकाम आहे, उभ्या-आडव्या धाग्यांची उपमा आहे, पण कापसाचं नाव नाही. ते दिसू लागतं सूत्रग्रंथांच्या काळात. कापूस मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला, आणि तो कापसाचाच आहे हे सिद्ध झालं आपल्या माटुंग्यात. १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर या दोघांनी ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९२८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोहेंजोदडोच्या विणकरांची लिपी अजून लागलेली नाही, त्यामुळे ते कापसाला काय म्हणत हे कुणालाच ठाऊक नाही.

संस्कृतला हा शब्द दिला तरी कुणी? ज्याँ प्शिलुस्की या फ्रेंच विद्वानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मत मांडलं की ‘कर्पास’ मुळात आर्यभाषांचा नाहीच. मुंडा आणि ख्मेर ज्या घराण्यातल्या, त्या आग्नेय आशियाई भाषाकुळातून तो संस्कृतने घेतला. प्रबोधचंद्र बागची यांनी १९२९ मध्ये हे लेख इंग्रजीत आणले. नेमकं मूळ रूप कोणतं, यावर विद्वानांचं एकमत झालेलं नाही आणि या प्रश्नाची कापूसकोंड्याची गोष्ट करण्यात मला रस नाही. पण शब्द बाहेरून आला, ही गोष्ट मला पटते. पेरणाऱ्यांनी आणि विणणाऱ्यांनी दिलेलं नाव पोथी लिहिणाऱ्यांनी उचललं असणार, कारण कापसाशी रोजचा संबंध पहिल्यांचा होता. ‘कापड’ हा शब्द संस्कृत ‘कर्पट’वरून आला. कर्पट म्हणजे चिंधी, ठिगळाचं वस्त्र. कर्पट आणि कर्पास एकाच मुळाचे असावेत, असंही काही अभ्यासक मानतात.

या शब्दाचा पश्चिमेकडचा प्रवास भिवंडीच्या अगदी उशाशी सुरू होतो. पेरिप्लस हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याचं टिपण. त्यात सोपारा आहे, आणि ‘कल्लिएना’ म्हणजे आपलं कल्याण आहे. तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई, अशी नोंद आहे. गुजरातेकडच्या मुलखाचं वर्णन करताना लेखक कापसाला ‘कार्पासोस’ म्हणतो आणि त्यापासून विणलेल्या साध्या कापडाचा उल्लेख करतो. लॅटिनमध्ये त्याचं ‘कार्बासुस’ झालं, आणि अर्थ इतका सैलावला की रोमन कवी जहाजाच्या शिडालाही कार्बासुस म्हणू लागले. फारसीत ‘करबास’ म्हणजे जाडं सुती कापड.

याच प्रवासातला एक थांबा मला फार जवळचा वाटतो. हिब्रू बायबलमध्ये एस्तेरचं पुस्तक आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात इराणी सम्राटाच्या शूशन इथल्या राजवाड्यातल्या मेजवानीचं वर्णन येतं, आणि तिथल्या पडद्यांसाठी शब्द आहे ‘कर्पास’. पुरीम सणाला हे पुस्तक सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचतात. भिवंडीपासून तासाभराच्या अंतरावर ठाण्यात १८७९ सालचं सिनेगॉग आहे, बेने इस्रायल ज्यूंचं. ते पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आले, आणि पुरीमला त्यांच्या मराठीत नाव होतं होळीचा सण. वर्षातून एकदा त्या वाचनात, हिब्रू ओळींच्या मधोमध, आपल्या कपाशीचा हा जुना शब्द उच्चारला जातो.

पूर्वेकडे तो आणखी कमी बदलला. मलय आणि इंडोनेशियन भाषांत आजही ‘कपास’, सिंहलीत ‘कपु’. जुन्या चिनी ग्रंथांत ‘जीबेई’ असं एक नाव येतं, तेही याच शब्दाचं रूप मानलं जातं. बी कुणाच्या हातून कुठवर गेलं, याची सर्वांत सुरेख गोष्ट जपानात आहे. इ. स. ७९९ मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परका तरुण एकटाच लहानशा नावेतून वाहत येऊन लागला. जपानी बोलता येऊ लागल्यावर त्याने आपण तेन्जिकूचे, म्हणजे भारतातले, असं सांगितलं. त्याच्याजवळ कापसाचं बी होतं. ते पेरून पाहिलं, पण तिथे तगलं नाही. जपानला कापूस पिकवायला पुढे अनेक शतकं लागली. पण त्या माणसाच्या स्मरणार्थ आजच्या आइची प्रांतातल्या निशिओ गावात मंदिर आहे.

ज्यांना माल मिळाला, पण देणाऱ्याकडून नाव मिळालं नाही, त्यांची गोष्ट वेगळी. हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलं की हिंदुस्थानात रानझाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सुंदर असते. इराणी सम्राट झर्क्सिसच्या सैन्यातले हिंदी सैनिक असलेच कपडे घालून आले होते, हीही त्याचीच नोंद. ज्याने जन्मभर मेंढ्याच पाहिल्या, त्याला दुसरं काय सुचणार! उत्तर युरोपाने ही कल्पना जशीच्या तशी शब्दांत बांधली. जर्मनमध्ये बाउमवोले, झाडाची लोकर. स्वीडिशमध्ये बूमुल. पोलिश बावेउना जर्मनवरूनच बेतलेला. फिनिशमध्ये पूविल्ला, लॅटव्हियनमध्ये कोकविल्ना, लिथुएनियनमध्ये मेदविल्ने. भाषांची कुळं निराळी, पण सगळ्यांचा अर्थ एकच. चौदाव्या शतकात मँडेव्हिलच्या नावावरच्या प्रवासवर्णनात तर झाडाच्या फळातून चिमुकलं कोकरू निघतं असं लिहिलेलं आहे, आणि लोकांचा त्यावर बराच काळ विश्वास होता.

या गोष्टीची दुसरी बाजू मेक्सिकोत आहे आणि ती मला या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची वाटते. अमेरिका खंडात कापूस स्वतंत्रपणे लागवडीखाली आला होता. आपल्याकडून तिथे कुणी तो नेला नव्हता. नाहुआ लोक त्याला ‘इच्कात्ल’ म्हणत. युद्धात अंगावर घालायची त्यांची जाड, कापूस भरलेली बंडी इतकी उपयोगी होती की स्पॅनिश शिपायांनीही ती वापरायला घेतली. स्पॅनिशांबरोबर त्या मुलखात पहिल्यांदाच मेंढ्या आल्या. हा अंगभर पांढरी लव असलेला प्राणी कोणता? नाहुआंनी त्यालाही नाव दिलं इच्कात्ल, कापूस. युरोपने कापसात मेंढी पाहिली आणि मेक्सिकोने मेंढीत कापूस पाहिला. दोन्हीकडे माणसाने नवी वस्तू ओळखीच्या वस्तूवरून ओळखली, आणि यात कुणी कुणाहून शहाणं ठरत नाही.

तिसरी वाट इराणची. फारसीत कापूस म्हणजे ‘पंबा’. तुर्कीत तो ‘पामुक’ झाला. २००६ साली साहित्याचं नोबेल मिळालेले ओर्हान पामुक आपल्याकडे जन्मले असते तर त्यांचं आडनाव कापसे असतं. ग्रीकमध्ये वाम्वाकी, रुमानियनमध्ये बुम्बाक, हंगेरियनमध्ये पामुत, जुन्या इटालियनमध्ये बाम्बाजा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत पुन्हा ‘पंबा’. आपल्या काटेसावरीचं शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स, तेही याच घरातलं. इंग्रजीत याच शब्दापासून झालेला ‘बॉम्बास्ट’ आधी कपड्यात ठासायच्या कापसाला म्हणत आणि पुढे फुगवलेल्या भाषणाला. ते कसं झालं असेल हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, आपणही लांबलेल्या वादाला पिंजत बसणं म्हणतो. आणि भिवंडीत पंबा अगदीच परका नाही. उर्दूत जो ऐकूनही ऐकत नाही तो ‘पंबा-दर-गोश’, कानात कापूस घातलेला.

चौथी वाट अरबांची. अरबीत ‘कुत्न’. इस्लामच्या पहिल्या काही शतकांत कापसाची लागवड पश्चिमेकडे भूमध्य समुद्राभोवती पसरत स्पेनपर्यंत गेली आणि शब्दही तिच्या मागोमाग गेला. स्पॅनिशमध्ये अल्गोदोन, पोर्तुगीजमध्ये अल्गोदांव, इटालियनमध्ये कोतोने, फ्रेंचमध्ये कोतों, इंग्रजीत कॉटन. हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या व्यापाराबरोबर आला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, मग गिरण्या वाढल्या, कापसाचा बाजार वाढला. त्याच बाजाराच्या नावाचं कॉटन ग्रीन स्टेशन हार्बर मार्गावर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या बंद होत्या तरी कापडाची मागणी थांबली नव्हती. ते काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. गिरणगावात घरंच्या घरं उद्ध्वस्त होत होती, त्याच वर्षांत इथे नव्या शेड उभ्या राहत होत्या. मालाबरोबर गिरणीची बोलीही आली. काउंट, बीम, सायझिंग आणि कॉटन हे शब्द तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचे झाले.

आता झाडाकडे पाहू. ज्याला संस्कृतात कर्पास म्हणाले आणि ज्याचं कापड कल्याण-भडोचहून गेलं, ते देशी कापसाचं झाड. यवतमाळ-अकोल्याच्या शेतांतून आज जो कापूस येतो, तो बहुतांश अमेरिकन जातीचा आहे. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर तर देशी कपाशी आणखी मागे पडली. या अमेरिकन जातीचं माहेर मेक्सिको. म्हणजे शेतकरी वेचतो ते नाहुआंचं इच्कात्ल, त्याच्या तोंडी नाव असतं कापूस, आणि भिवंडीच्या पेढीवर पावती फाटते ती कॉटनची. शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली, असं जगात अनेकदा होतं. पण इतक्या मोठ्या पिकाच्या बाबतीत हे घडलेलं आपल्या फारसं लक्षातही येत नाही, याचं मला नवल वाटतं.

भिवंडीत आणखी एक बदल चालू आहे. पॉलिस्टरचं सूत वाढत चाललं आहे, आणि त्याला पद्मानगरात, मोमीन मोहल्ल्यात आणि आगरी गावात एकच नाव आहे. ते कुणीही आपापल्या भाषेत बसवून घेतलेलं नाही. जुने धोट्याचे माग भंगारात जाऊन रॅपियर यंत्रं बसत आहेत. त्यांना कांडी लागत नाही, त्यामुळे कांडी भरणाऱ्या बायकांचं काम जातं आणि त्या कामाचे शब्दही जातात. तेलुगूत कांडीला काय म्हणतात, तुटलेला धागा सांधण्याच्या निरनिराळ्या गाठींना उर्दू बोलणारे जुने विणकर कोणती नावं देतात, सुताला खळ देण्यासाठी मराठीत कोणकोणते शब्द होते, हे सांगू शकणारी माणसं अजून या शहरात आहेत. ठाणे-मुंबईच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी, उर्दू आणि तेलुगूच्या विद्यार्थ्यांनी मिळून वर्षभर शेडमधून हिंडावं आणि भिवंडीच्या विणकामाचा तीन भाषांचा कोश करावा. त्यासाठी लागेल तर एक रेकॉर्डर आणि माग बंद असतानाची वेळ. शुक्रवारी दुपारी बऱ्याच शेड थांबलेल्या असतात.