टोपीकरांची पन्हाळा ट्रिप

आयटीतल्या माणसाला एक मेल हमखास ओळखीची असते. टीममधलं कुणी ऑनसाइटला निघालं की त्याला एक यादी येते. परदेशात कसं वागावं, काय टाळावं. रांग मोडू नका, फोनवर मोठ्याने बोलू नका, टिप किती द्यायची, न विचारता कुणाचे फोटो काढू नका वगैरे. माझं एक निरीक्षण आहे. देश मोठा असेल तर यादी आठ पानांची, आणि देश छोटा असेल तर अर्ध्या पानाची. जणू छोट्या देशात चुका करायला जागाच नसते!

प्रत्यक्षात पाहुणा सगळ्यात बेफिकीर असतो तो छोट्या देशातच. २०१९ च्या ऑक्टोबरमधलं प्रकरण आठवतंय का? महाराष्ट्रातून बाइकवर भूतानला गेलेला एक पर्यटक दोचुला खिंडीतल्या एका चोर्तेनवर शिडी लावून चढला आणि त्याने फोटो काढून घेतला. चोर्तेन म्हणजे बौद्ध स्तूप. फोटो भूतानभर फिरला, लोक भडकले, पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावलं, शेवटी माफी मागून प्रकरण मिटलं. आपल्याकडे बातमी आली ती 'धार्मिक स्थळाचा अवमान' एवढीच. पण दोचुलाचे ते १०८ चोर्तेन नुसतं धार्मिक स्थळ नाहीत. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने दक्षिणेकडच्या जंगलातले उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या संघटनांचे तळ उद्ध्वस्त केले. त्या मोहिमेत कामी आलेल्या भूतानी सैनिकांचं ते स्मारक आहे. या संघटना लढत होत्या भारताविरुद्ध. म्हणजे जे सैनिक एका अर्थी आपल्याही शत्रूशी लढताना गेले, त्यांच्या स्मारकावर आपलाच माणूस चढला होता.

भूतानची लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास होती. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ मध्ये ३८ लाखांच्या वर. 'एवढासा देश' असं मनात येणं साहजिक आहे. पण सगळ्या चुकांचं मूळ त्या 'एवढासा'मध्येच आहे असं माझं मत झालंय, आणि त्याचा पुरावा माझ्या गावाच्या शेजारीच आहे.

गाव कोडोली, तालुका पन्हाळा. परदेशी पाहुणा आम्हाला नवा नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी उभं केलेलं मिशन हॉस्पिटल गावातच आहे. पण आजचा विषय त्याआधीच्या पाहुण्यांचा, आणि त्यासाठी कोडोलीहून पन्हाळ्यावर जायला हवं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. त्यामुळे आता गडावर परदेशी पर्यटक वाढतील. त्यांच्यासाठी 'काय करू नये' अशी पाटी लावायची झाली तर पहिलं नाव हेन्री रेव्हिंग्टनचं लिहावं लागेल.

रेव्हिंग्टन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूरच्या वखारीचा प्रमुख. आजच्या भाषेत ब्रँच मॅनेजर. वरिष्ठ सुरतेला, मालक लंडनला, आणि हा कोकणात कापड, मिरी वगैरे माल घेत बसलेला. राजापूर तेव्हा आदिलशाहीचं बंदर होतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला, अठराच दिवसांत २८ नोव्हेंबरला शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला आणि सगळी गणितं बदलली. मराठ्यांची फौज कोकणात उतरली. खानाची जहाजं राजापूरच्या बंदरात होती, ती मराठ्यांना हवी होती. इंग्रज मध्येच घुटमळले. त्या भानगडीत मराठ्यांनी इंग्रजांचा दलाल आणि फिलिप गिफर्ड नावाचा माणूस पकडून ठेवला. ते सुटेपर्यंत पत्रापत्री चालली, रेव्हिंग्टनने थेट महाराजांनाही लिहिलं. थोडक्यात, फेब्रुवारी १६६० पर्यंत त्याला समोर कोण आहे याची कल्पना आली होती.

मार्चमध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज गडावर, खाली आदिलशाहीची मोठी फौज. गड उंच, साध्या तोफांना दाद देईना. जौहरला लांब मारा करणारी उखळी तोफ हवी होती आणि ती इंग्रजांकडे होती. रेव्हिंग्टन तोफ, दारूगोळा आणि सहकारी घेऊन घाट चढून पन्हाळ्याखाली आला. नुसती तोफ विकून गप्प बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. त्याने कंपनीचं निशाण फडकावून गडावर गोळे टाकले.

आता त्याच्या जागी बसून विचार करा. त्याच्यासमोर दोन पार्ट्या होत्या. एक आदिलशाही, पावणेदोनशे वर्षांची सल्तनत, बंदरं तिची, परवाने तिचे. दुसरी म्हणजे तिशीतला एक तरुण, काही डोंगरी किल्ले, आणि तोही वेढ्यात अडकलेला. कुठल्याही एक्सेल शीटमध्ये उत्तर एकच आलं असतं. मोठ्या पार्टीला खूश करा, सवलती मिळतील. स्वराज्य हा एक देश आहे, त्याला स्मरणशक्ती आहे आणि उद्या आपल्याला याच वाटेने ये-जा करायची आहे, यासाठी त्या शीटमध्ये कॉलमच नव्हता.

पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. जुलैच्या पावसात महाराज गडावरून निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, महाराज विशाळगडावर पोचले. तोफ, निशाण, परवाने, सगळा हिशोब मुसळधार पावसात वाहून गेला. पाठ नसतो तो पुढचा भाग. आठेक महिन्यांनी, मार्च १६६१ मध्ये, महाराज कोकणात उतरून राजापुरात आले. इंग्रजांची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टन, गिफर्ड आणि त्यांचे साथीदार कैदेत गेले. महाडजवळच्या सोनगडावर त्यांना ठेवलं होतं. सुटकेसाठी खंडणी मागितली गेली, दंडा-राजपुरी घ्यायला मदत करणार का अशीही विचारणा झाली. शेवटचे कैदी सुटले ते १६६३ मध्ये. पन्हाळ्याची ट्रिप चांगली दोन वर्षं लांबली म्हणायची!

मला या कथेतला सगळ्यात आजचा वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. कैदेतून या मंडळींनी सुरतेच्या वरिष्ठांना पत्रं लिहिली. आम्ही इथे कुजतोय, तुम्ही काहीच करत नाही, अशी संतापाची. १६६२ मध्ये सुरतेहून जे उत्तर गेलं त्याचा मथितार्थ असा की तुम्ही का अडकलात हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत. पन्हाळ्याला जाऊन, सगळ्यांना ओळखू येणाऱ्या इंग्रजी निशाणाखाली गोळे फेकलेत म्हणून पकडले गेलात. परदेशात कुणाच्या भांडणात उडी मारून फसलात तर एचआर काय म्हणेल, याचं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं उत्तर हे. आणि कंपनी अगदीच धुतल्या तांदळासारखी होती असंही नाही. तोफ कामाला आली असती तर फायदा तिनेही खिशात घातलाच असता.

तर पर्यटकाच्या पहिल्या तीन चुका इथेच सापडतात. एक, यजमानाची किंमत शेजारच्या मोठ्या देशाच्या नकाशावरून ठरवणं. दोन, यजमानाच्या घरगुती किंवा शेजारच्या भांडणात पडणं. तीन, आपण एकटे नसतो, आपल्या हातात एक निशाण असतं हे विसरणं. ज्याच्यावर गोळा पडतो त्याला रेव्हिंग्टनचं नाव माहीत नसतं, निशाण तेवढं लक्षात राहतं.

या चुकीची किंमत कंपनी तेरा-चौदा वर्षं मोजत होती. राजापूरच्या लुटीची भरपाई हवी होती आणि व्यापारही हवा होता, कारण आता कोकणचा बराच किनारा त्या 'एवढ्याशा' राज्याकडे होता. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक बोलणी करायला गेला, १६७३ मध्ये थॉमस निकल्स रायगडावर जाऊन आला. काम झालं ते १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झेंडनच्या वेळी. राज्याभिषेकाचं डोळ्यांनी पाहून केलेलं वर्णन ज्याच्यामुळे आपल्याला मिळतं तोच हा ऑक्झेंडन.

त्याने वेगळं काय केलं? सगळ्यात आधी, नारायण शेणवी हा इथला दुभाषा त्याच्याआधी रायगडावर जाऊन वातावरण बघून आला होता. मग मे महिन्यात ऑक्झेंडन पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडाच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते. तो निमूटपणे थांबला. एकूण मुक्काम जवळजवळ महिन्याभराचा झाला. दरम्यान निराजीपंतांची भेट झाली. महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह करावा असं सुचवायचं इंग्रजांच्या मनात होतं. निराजीपंतांनी स्पष्टच सांगितलं की त्याचा उपयोग होणार नाही, तो विषय काढू नका. आपल्या कामाचा नसलेला विषय बाजूला ठेवायला कंपनीला चौदा वर्षं लागली, पण ती शिकली.

६ जून १६७४ ला दरबारात ऑक्झेंडन लवून उभा राहिला आणि नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, म्हणजे एवढ्या गर्दीत महाराजांचं लक्ष जावं. महाराजांनी त्यांना सिंहासनाजवळ बोलावलं आणि वस्त्रं दिली. बाहेर पडताना ऑक्झेंडनने दारात दोन लहान हत्ती आणि दोन घोडे पाहिले आणि एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले कसे याचं त्याला नवल वाटलं. मला हे वाक्य फार आवडतं. पन्हाळ्याखालच्या इंग्रजाने वर बघितलं ते नेम धरायला. रायगडावरच्या इंग्रजाला निदान एक प्रश्न पडला.

जेवणाचं म्हणाल तर तिथे मात्र ते स्वतःच्याच सवयीवर राहिले. गडावर बहुतेकांचं जेवण खिचडीसारखं साधं. इंग्रजांना मात्र रोज बकऱ्याचं मटण लागायचं. त्यांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक एवढी विक्री बघून चकित झाला आणि हे खाणारे आहेत तरी कोण, हे पाहायला मुद्दाम गड चढून आला, अशी हकीकत डॉक्टर जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात आहे. परदेशात जाऊन 'इथे वरण-भात कुठे मिळतो' विचारणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, परंपरा जुनी आहे :)

तह झाला. राजापूरच्या नुकसानीपोटी १० हजार होन कबूल झाले. इंग्रजांच्या जवळजवळ सगळ्या मागण्या मान्य झाल्या, पण त्यांचं नाणं स्वराज्यात चालावं हे कलम महाराजांनी घातलं नाही. नाणं चोख असेल तर लोक आपणहून घेतील, माझ्या रयतेवर सक्ती कशाला, असा त्याचा आशय. पाहुण्याचं स्वागत करायचं, पण त्याच्या खिशातल्या नाण्यासाठी घराचे नियम बदलायचे नाहीत.

इथे थांबलो असतो तर 'नम्र पाहुणा जिंकला' अशी गोड गोष्ट झाली असती. पण नम्रपणा म्हणजे निरागसपणा नाही, हे आपल्याकडच्या लोकांना तेव्हाच कळलं होतं. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरच्या संभाजीराजांसाठी 'आज्ञापत्र' सिद्ध केलं. करवीर राज्याची राजधानी तेव्हा पन्हाळाच होती. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे इंग्रज, फिरंगी वगैरे युरोपियनांबद्दल, खास इशारा आहे. हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नाहीत, यांच्यामागे राजे आहेत. वखारीला जागा द्यावी लागली तर समुद्रकिनाऱ्याची किंवा खाडीच्या तोंडाची देऊ नका, आत द्या, सखल जागी द्या, पक्की बांधकामं करू देऊ नका. छोट्या देशाने मोठ्या पाहुण्यासाठी लिहिलेली ही नियमावलीच आहे.

पुढे तो इशारा खरा ठरला. १८४४ मध्ये कोल्हापुरात गडकऱ्यांचं बंड झालं. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावरच कोंडलं गेलं. पण या वेळी इंग्रज माफी मागायला आले नाहीत. १ डिसेंबर १८४४ ला त्यांनी तोफा लावून गड घेतला. गडाचा चार दरवाजा तेव्हाच पाडला गेला. १६६० मध्ये भाड्याने गोळे टाकणारी तीच कंपनी आता स्वतःच्या हिशोबाने गोळे टाकत होती.

म्हणून मला वाटतं की पर्यटनाच्या या विषयात मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज पडू नये. मोठा शेजारी, बेफिकीर पाहुणा, आपल्या गडाकडे 'एवढासा' म्हणून बघणारी नजर, हे सगळं आपण दुसऱ्या बाजूने भोगलेलं आहे. गंमत अशी की भूतान, नेपाळ, श्रीलंकेत उतरलो की आपण जागा बदलतो. तिथे मोठ्या देशाचं निशाण आपल्या हातात असतं. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, 'हे सगळं आपल्याच जिवावर चालतं रे!' हे ऐकणारा ड्रायव्हर हिंदी समजतो, एवढं तरी लक्षात ठेवावं.

भूतानला जाणार असाल तर दोचुलाला जरूर थांबा. चोर्तेनला प्रदक्षिणा घालतात ती आपल्या देवळातल्यासारखीच, उजव्या हाताला ठेवून. ते कुणासाठी बांधलेत हे गूगलला विचारू नका, तिथल्याच माणसाला विचारा आणि तो सांगेल ते नीट ऐकून घ्या.