खामकाठचे वाळूज, कोरिंगाचे खारफुटीवन आणि भारताचे एक सदस्यत्व (थ्रेड)

१/ नोव्हेंबर २०२२. इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत संयुक्त अरब अमिराती आणि इंडोनेशिया यांनी ‘मँग्रोव्ह अलायन्स फॉर क्लायमेट’ या आघाडीची घोषणा केली. भारत तिच्या पहिल्या सदस्यांपैकी एक. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वाळूजचा या सदस्यत्वाशी काय संबंध?

२/ खारफुटी म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणारे उष्ण कटिबंधातील वन. कोकणात ही झाडे तिवर, कांदळ, चिपी अशा नावांनी ओळखली जातात. त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात. त्यांच्याखालच्या चिखलात कार्बन दीर्घकाळ साठून राहतो.

३/ आता नदीची वाट पाहू. वाळूजजवळून वाहणारी खाम पैठणच्या नाथसागरात गोदावरीला मिळते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी १,४६५ कि.मी.चा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे विस्तीर्ण खारफुटीवन आहे.

४/ कोरिंगा हे एकेकाळी जहाजबांधणीचे गजबजलेले बंदर होते. १७८९ च्या डिसेंबरात आणि पुन्हा नोव्हेंबर १८३९ मध्ये वादळी लाटांनी ते झोडपले. दुसऱ्या तडाख्यानंतर त्याचे वैभव परतले नाही. त्याच सुमारास कलकत्त्यात अशा वादळांच्या नोंदी जमवणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला.

५/ तरीही किनाऱ्याची ही ढाल दीर्घकाळ ‘पडीक दलदल’च मानली गेली. मुंबईत तिच्यावर भराव पडत गेले. कलाटणी मिळाली ती न्यायालयात. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंतच्या बांधकामाला मनाई केली.

६/ १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कावर घाला ठरवला. दरम्यान २०१२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला होता. वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्यातील खारफुटीचे क्षेत्र ३२४ चौ. कि.मी. नोंदले आहे.

७/ हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी नागरिकांची याचिका, मग न्यायालयाचा आदेश, मग शासनाची यंत्रणा, आणि सर्वांत शेवटी आंतरराष्ट्रीय सदस्यत्व. ही आघाडी ऐच्छिक आहे. कोणता संकल्प करायचा आणि तो केव्हा पुरा करायचा, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. सदस्यत्वाला वजन येते ते देशांतर्गत कायद्यामुळेच.

८/ मात्र हे आदेश किनाऱ्यापुरते आहेत. खारफुटीला खाऱ्या पाण्याइतकीच नदीच्या गोड्या पाण्याची आणि गाळाची गरज असते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या धरणाने तहानलेल्या मराठवाड्याला आधार दिला, हे निर्विवाद.

९/ पण गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवरील धरणांत अडलेला गाळ त्रिभुज प्रदेशापर्यंत पोहोचत नाही. नवी जमीन घडणे मंदावते आणि समुद्र जुना किनारा खाऊ लागतो. धरण मोडावे, असा याचा अर्थ नव्हे. नदीमुखाच्या वनाचा हिशेब पाणलोटात मांडावा लागतो, एवढाच.

१०/ त्या हिशेबात खामही येते. शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी तिने वर्षानुवर्षे वाहिले. अलीकडे तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू झाले आहेत. ती मिळते त्याच नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर पिते. म्हणजे खाम स्वच्छ ठेवण्याचा पहिला लाभ कोरिंगाला नव्हे, आपल्यालाच आहे. शर्म अल-शेखमध्ये देशाने दिलेल्या शब्दातला वाळूजचा वाटा इथून सुरू होतो.