शंभरपैकी किती?

मी एकतीस वर्षे मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यामुळे दिसेल त्याला गुण देण्याची खोड हाताला लागली आहे. लग्नातल्या मठ्ठ्याला मी मनातल्या मनात साडेसहा देऊन मोकळा होतो. (हिच्या आमटीला मात्र दहापैकी दहा. तिथे फेरतपासणी परवडत नाही.) तेव्हा परवा नातू म्हणाला, "आजोबा, हा गेम घ्या ना, याला नव्वद मिळालेत," त्याबरोबर माझ्यातला परीक्षक जागा झाला. म्हटलं, "दिले कोणी? आणि कशाबद्दल?"

त्याला सांगता येईना. मग मीच शोधायला बसलो.

व्हिडिओ गेमना गुण देण्याचा उद्योग चांगला जुना निघाला. १९८१ साली इंग्लंड-अमेरिकेत या खेळांची खास मासिके निघू लागली. पुढे १९८४ साली इंग्लंडात 'क्रॅश' निघाले. स्पेक्ट्रम नावाच्या इवल्याशा संगणकाला वाहिलेले. त्यांची पद्धत थेट आमच्या प्रगतिपुस्तकासारखी. चित्रांना वेगळे गुण, पैशाच्या मोबदल्याला वेगळे, खेळाची चटक लागते की नाही त्याला वेगळे, आणि खाली एकूण टक्के. चटक लागण्याला गुण! आमच्या लहानपणी चटक लागली की वडील कान पिळत.

पण या तक्त्यात एक गोम आहे, ती मला निबंध तपासताना नेहमी बोचायची. शुद्धलेखन उत्तम, अक्षर मोत्यासारखे, समास सोडलेला, आणि निबंधात जीव नाही. उलट त्याच १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी 'टेट्रिस' रचला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून पडणाऱ्या विटा त्यांनी चक्क कंसांच्या चिन्हांनी काढल्या. म्हणजे चित्रकलेत भोपळा. आणि जगाला वेड लावले ते याच पोराने!

जपान्यांचा कारभार जरा शिस्तीचा. १९८६ साली सुरू झालेल्या 'फामित्सू'त एका खेळाला चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, 'झेल्डा'च्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या खेळाला. तोवर सगळे उपाशी. मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी म्हणजे परीक्षकाला ताप आला असणार, असे मानायचे दिवस मला आठवले. पुढे तिथेही हात सैल झाला, चाळीसवाल्यांची रांग लागली. काळाचा महिमा. आमच्या शेजारच्या मुलीला त्र्याण्णव टक्के पडले तर घरात सुतक होते.

इंग्लंडातल्या 'अमिगा पॉवर' या मासिकाने १९९१ साली या सैल हाताविरुद्ध दंड थोपटले. शंभराची पट्टी आहे ना, मग ती सगळी वापरा. साधारण खेळाला पन्नासच. माझ्या मते या सगळ्यांत खरा मास्तर हाच. बाकीचे सत्तर देऊन 'बरा आहे' म्हणत. १९९६ साली मासिक बंद पडले. कडक मास्तरांचे असेच होते.

मग २००१ साली 'मेटाक्रिटिक' आले आणि त्याने सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढायला सुरुवात केली. कोणाच्या मताला किती वजन, ते गुपित. शिवाय सिनेमाला एकसष्टला हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र पंचाहत्तर लागतात. का? विचारू नये.

इथवर मी मजेत वाचत होतो. मग २०१० सालचा 'फॉलआउट: न्यू व्हेगास' आला. तो 'ऑब्सिडियन' नावाच्या मंडळींनी बनवला होता. त्यांच्या क्रिस अव्हेलोन यांनी २०१२ साली सांगून टाकले, की करार ठरलेल्या रकमेचा होता, विक्रीत वाटा नाही. फक्त मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी झाले तर बक्षिसी. झाले चौऱ्याऐंशी.

मी चष्मा काढून ठेवला.

१९८३ साली माझ्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका होती. चौतीस गुण. पस्तीसला पास. नाव नाही, नुसता बैठक क्रमांक. पत्रलेखनाला एक वाढवता आला असता. आजारी आईचे पत्र होते आणि मायना चुकला होता. पण रविवारची संध्याकाळ होती, सकाळी गठ्ठा द्यायचा होता, आणि नियम म्हणजे नियम. पुढे मॉडरेटरने वाढवला की नाही, ते तपासणाऱ्याला कळत नसते. मायना कोणता चुकला होता, ते मला अजून आठवते.

गुणच नकोत म्हणणारेही झाले. 'युरोगेमर'ने २०१५ साली आकडे काढून टाकले आणि 'घ्याच', 'घ्यायला हरकत नाही', 'टाळा' अशा अर्थाचे शेरे सुरू केले. २०२३ साली तेच पाच तारे घेऊन परत आले. लोकांना आकडा लागतो हो! 'स्टीम' या दुकानात २०१३ पासून गिऱ्हाइकच अंगठा वर नाही तर खाली करते, आणि शेजारी तो किती तास खेळला ते छापून येते. हे मला फार आवडले. चारशे तास खेळून 'वेळ फुकट गेला' लिहिणारा गृहस्थ तिथे आपोआप उघडा पडतो. परीक्षकाने पेपर किती मिनिटे वाचला, तेही असेच निकालावर छापायला हवे होते. मग माझे काही खरे नव्हते.

शेवटी गेम घेतला. नातवाने यंत्र माझ्या हातात दिले. अर्ध्या तासात माझा शूर वीर सात वेळा दरीत पडला.

"आजोबा, किती मार्क?"

"थांब रे. पहिली पातळी तरी पुरी होऊ दे."

"आजोबा, पहिली अजून सुरूच झाली नाही. चालायचं कसं, ते शिकवतायत तुम्हाला."