‘लक्ष नाहीं’ या शेऱ्याचा इतिहास



धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर हें गांव आपणांपैकीं अनेकांना ठाऊक झालें तें ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळें. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास, निजलेल्या माणसांवर दगडमातीचीं घरें कोसळलीं. तसल्या आपत्तींतून वाचलेलें मूल शाळेंत शून्य दृष्टीनें बसलें आणि त्याचें गणित चुकलें, तर त्याला बोल लावावा असें कोणासहि वाटणार नाहीं. भय आणि शोक चित्त व्यापून टाकतात, हें आपण जाणतों. परंतु ज्याच्यावर असें कांहीं कोसळलेलें दिसत नाहीं, तें मूल हातचा विसरलें कीं वहीवर शेरा पडतो, ‘लक्ष नाहीं’. हा शेरा कितपत न्याय्य आहे?

पंतोजींच्या शाळेंत पाढे, पावकी, निमकी मुखोद्गत असणें हीच हुशारीची कसोटी होती. ज्याला तीं येत नसत तो आळशी, आणि आळसावर औषध छडी. वैद्यकानें या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें तें विसाव्या शतकांत, आणि तेंहि दोन वेगळ्या वाटांनीं. १९०२ सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं बुद्धि शाबूत असूनहि चित्त स्थिर न राहणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. दुसऱ्या वाटेनें, स्वीडनचे हेन्शेन यांनीं मेंदूस इजा झाल्यानें गणनशक्ति गमावलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. पुढें १९७४ सालीं चेकोस्लोव्हाकियांतील लादिस्लाव कोश्च यांनीं, बाकी बुद्धि चांगली असूनहि बाळपणापासून अंकांशीं अडणाऱ्या मुलांच्या व्यंगाची व्याख्या केली. हीच ‘डिस्कॅल्क्युलिया’ किंवा गणनअक्षमता. या दोन वाटा कोठें मिळतात, हें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका पाहणीनें दाखविलें. गणनअक्षमता असलेल्या मुलांपैकीं २६ टक्क्यांमध्यें अवधानदोषाचीं लक्षणें आढळलीं.

आठ आणि पांच तेरा, हें आपल्याला स्मृति आयतें पुरविते. गणनअक्षम मूल तें बोटांवर मोजतें, आणि मोजतां मोजतां हातचा निसटतो. त्याचें अवधान अंकांच्या ओझ्यानेंच थकतें. उलट, अवधान मुळांतच दुबळें असलेल्या मुलाला अंक कळतात, पण अधिक-उण्याचें चिन्ह नजरेंतून सुटतें. कांहीं मुलांना दोन्ही दुःखें असतात. वहींत मात्र सर्वांची चूक सारखीच दिसते.

आपली भाषाहि येथें थोडी कठोर आहे. ‘सत्तावीस’ म्हणतांना सात आधीं ऐकूं येतात, लिहितांना दोन आधीं येतात. ‘एकोणतीस’ मध्यें तर नऊ ऐकूंच येत नाहींत. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस सात’ असें वाचन जोडलें गेलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद माजला! गणितज्ञ मंगला नारळीकर यांनीं त्या बदलाचें समर्थन केलें होतें. गणनअक्षमता सर्व भाषांत आढळते, म्हणून दोष मराठीचा नाहीं. परंतु दुबळ्या अवधानावर हा अधिक भार आहे, हें मान्य करावयास हवें.

महाराष्ट्रानें १९९६ सालापासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेंत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें गणनअक्षमतेला देशभर मान्यता मिळाली. कायद्यापुढें सास्तूरच्या मुलाचा हक्क मुंबईच्या मुलाइतकाच आहे. परंतु तज्ज्ञ आणि चाचण्या शहरांत एकवटतात, आणि खेड्यांतील मुलाचा पहिला परीक्षक त्याचा गुरुजीच असतो. म्हणून त्यानें, आणि घरीं आपणहि, इतकेंच पाहावें: हें मूल गोष्ट ऐकतांना रमतें आणि केवळ अंकांपाशींच अडतें, कीं सर्वत्रच त्याचें चित्त भटकतें? उत्तर मिळालें, तर तज्ज्ञाकडे जाण्याची दिशा सांपडते. भूकंपानें पडलेलें घर सर्वांना दिसतें. मुलाच्या मनांत रोज ढासळणारी बेरीज दिसण्यासाठीं आपणांसच लक्ष द्यावें लागतें.