पुनर्रचना कालखंड : मताधिकार आणि जमीन

अमेरिकेच्या इतिहासात १८६५ ते १८७७ या बारा वर्षांस ‘पुनर्रचना कालखंड’ असे संबोधण्यात येते. यादवी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील राज्यांना संघराज्यात पुन्हा सामावून घेणे हे एक, आणि दास्यमुक्त झालेल्या सुमारे चाळीस लक्ष कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे स्थान मिळवून देणे हे दुसरे, अशी दोन कार्ये त्या काळापुढे होती. पहिले पार पडले. दुसरे अर्ध्यावर सुटले. ते का सुटले, याचे उत्तर कोलंबिया विद्यापीठातील प्रा. विल्यम डनिंग व त्यांचे शिष्य यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे दिले की, अशिक्षितांच्या हाती अकाली मताधिकार पडल्यामुळे दक्षिणेत अनाचार माजला व त्याची प्रतिक्रिया अटळ ठरली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात या उपपत्तीचे खंडन केले. तरी ती पाठ्यपुस्तकांत बराच काळ ठाण मांडून राहिली. वस्तुतः मताधिकार लवकर दिला गेला हा दोष नव्हताच; त्याच्या पाठीशी जमीन दिली गेली नाही, हा दोष होता.

मुक्त झालेल्या लोकांना स्वतःला हे उमगले नव्हते असे नाही. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना येथे सेनापती शर्मन व युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची भेट घेतली. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर यांनी, आम्हाला जमीन द्यावी व ती आमच्या श्रमांनी कसू द्यावी, अशी मागणी स्पष्ट शब्दांत मांडली. चारच दिवसांनी शर्मनने पंधराव्या क्रमांकाचा हुकूम काढला. चार्ल्स्टनच्या दक्षिणेकडील बेटे व सेंट जॉन्स नदीपर्यंतची किनारपट्टी यांतील जमीन प्रत्येक कुटुंबास चाळीस एकरांपर्यंत द्यावी, असा तो हुकूम होता. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार लोक तेथे वसले. परंतु लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्षपदी आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने २९ मे रोजी माफीचा जाहीरनामा काढून बंडखोर जमीनदारांना त्यांची मालमत्ता परत मिळण्याचा मार्ग मोकळा केला. ऑक्टोबरात जनरल हॉवर्ड यांना एडिस्टो बेटावर जाऊन, तुमची पेरलेली शेते जुन्या धन्यांकडे जाणार, असे त्या लोकांना सांगावे लागले. मुक्त झालेल्यांच्या हितासाठी स्थापिलेल्या खात्याचे प्रमुख हे हॉवर्डच होते, ही त्या प्रसंगातील विटंबना.

पुढे १८६७ च्या कायद्यांनी दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा अधिकार मिळाला, आणि चौदाव्या व पंधराव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व व मताधिकार यांना घटनेत स्थान लाभले. हायरम रेव्हेल्स हे १८७० मध्ये सिनेटात गेले. दक्षिणेतील सार्वजनिक शाळांची पद्धती याच राजवटींनी उभारली. हे यश थोडे नव्हे. मात्र निवडणुकीच्या दिवशी स्वतंत्र असणारा हा नागरिक वर्षाचे उरलेले दिवस कोणाच्या आश्रयाने राहत होता, हे पाहिले पाहिजे. जमीन, अवजारे व खेचरे जमीनदाराची. कसणारा अर्धेलीचा कूळ. पीक हाती येईपर्यंतची खावटी दुकानदाराकडून उधारीने आणावयाची आणि तारण म्हणून उभे पीक लिहून द्यावयाचे, असा व्यवहार रूढ झाला. सावकार पत देई ती कापसावर, म्हणून धान्य मागे पडून कापूसच पिकवावा लागे. कापसाचे भाव उतरले की हिशेब पुढील वर्षावर जाई. असा कूळ मालकाच्या इच्छेविरुद्ध मत देऊ लागला, की त्याला घालवून देण्यास कोणत्याही कायद्याची गरज पडत नसे.

जेथे आर्थिक दडपण पुरे पडले नाही, तेथे शस्त्र पुढे आले. लुइझियानात १८७२ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, कोलफॅक्स येथील न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. अनेकांना शरण आल्यावर ठार मारण्यात आले. मृतांची संख्या साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. (गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी जनांना जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेही १८७३ सालीच.) दोषी ठरलेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रुइकशँक’ खटल्यात १८७६ मध्ये मुक्त केले. चौदावी दुरुस्ती राज्यांच्या कृतीस बंधन घालते, खाजगी व्यक्तींच्या कृतीस नव्हे, असा तो निर्णय होता. तो तर्कदृष्ट्या नीटस दिसतो. परंतु राज्य स्वस्थ बसले असता अन्यायग्रस्ताने दाद कोठे मागावी, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. १८७७ नंतर केंद्राने हात आखडता घेतला. १८९६ च्या ‘प्लेसी’ निर्णयाने विभक्ततेला न्यायालयाची मान्यता दिली, ती शिक्षणाच्या क्षेत्रात १९५४ पर्यंत टिकली. लुइझियानात १८९६ मध्ये कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले.

जमीन असती तरी बंदुकीपुढे तिचा काय पाड लागला असता, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि दक्षिण कॅरोलिनातील बोफर्ट परगण्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. नोव्हेंबर १८६१ मध्ये संघसैन्य तेथे उतरले आणि मळेवाले पळून गेले. थकलेल्या करापोटी त्यांच्या जमिनी जप्त होऊन १८६३ पासून लिलावात निघाल्या, व त्यांपैकी काही मुक्त झालेल्या लोकांनी विकत घेतल्या. जॉन्सनची माफी या खरेदीखतांपर्यंत पोहोचली नाही. पूर्वाश्रमीचे गुलाम रॉबर्ट स्मॉल्स यांनी आपल्या पूर्वीच्या धन्याचे घर अशाच विक्रीतून घेतले होते. त्यावरील दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये स्मॉल्स यांच्या बाजूने निकाल लागला. ‘क्रुइकशँक’नंतर दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने दिलेला हा निकाल आहे. जमिनीचे खत न्यायालयात टिकले; मनुष्याच्या जीविताचे संरक्षण टिकले नाही.

या परगण्यात कृष्णवर्णीयांचे राजकीय बळ १८७७ नंतरही पुष्कळ वर्षे शाबूत राहिले. १८९५ मध्ये दक्षिण कॅरोलिनात नवी राज्यघटना तयार करण्यासाठी परिषद भरली. कृष्णवर्णीयांचे मत हिरावणे हा तिचा उघड हेतू होता. तीत कृष्णवर्णीय प्रतिनिधी अवघे सहा होते, आणि त्यांपैकी पाच बोफर्टचे. स्मॉल्स त्यांत होते. तयार झालेल्या घटनेवर सही करण्यास त्यांनी नकार दिला.