मूत्रपिंडाचे यंत्र आणि निबंधांची मोजदाद

वैद्यकातील संशोधकाची योग्यता आज कशी ठरते हे पाहिले की आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना जुनी ओळख पटते. त्याने किती निबंध छापले आणि त्यांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, याचा आकडा काढतात. नेमणूक, बढती, अनुदान पुष्कळदा त्या आकड्यावर हलते. मुंबईच्या गिरण्यांत साचेवाल्याची मजुरी कापडाच्या मापावर ठरत असे. सूत वाईट आले, साचा बंद पडला, तरी वहीत उतरे ते माप. वहीतला आकडा खोटा नसे; पण दिवसभराच्या कामाची हकीकत तो सांगत नसे, आणि आमची निम्मी भांडणे त्यावरूनच होत.

ही मोजदाद फार जुनी नव्हे. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी 1955 साली दाखल्यांच्या सूचीची कल्पना मांडली. 1964 साली सूची छापून निघाली. हेतू चांगला होता. एखादा निबंध पुढे कोणाच्या उपयोगी पडला हे शोधता यावे, एवढाच. पुढे 2005 साली हिर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने माणसालाच अंक देण्याची रीत काढली. ज्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी निदान 20 दाखले, त्याचा अंक 20. ज्याने तीनच निबंध लिहिले त्याचा अंक, जग उलथले तरी, तीनाच्या वर जात नाही.

आता हॉलंडमधल्या विलेम कोल्फ या डॉक्टराकडे वळू. 1938 साली ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात मूत्रपिंडे निकामी झालेला एक तरुण त्याच्या डोळ्यांदेखत गेला. रक्तात साठणारी घाण बाहेर काढता आली तर माणूस तगेल, हा विचार तेव्हापासून त्याला सोडीना. 1940 साली जर्मन फौजा आल्या. कोल्फचे वरिष्ठ पोलाक डॅनियल्स हे ज्यू होते. त्यांनी जीव दिला. त्यांच्या जागी आलेल्या नाझी माणसाच्या हाताखाली राहण्याचे नाकारून कोल्फ काम्पेन या लहान गावी गेला. तेथे त्याने यंत्र रचले. सॉसेजच्या आवरणाला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली, पिंप मिठाच्या द्रावणाच्या टाकीत फिरते ठेवले आणि नळीतून रोग्याचे रक्त खेळविले. घाण नळीतून पाझरून द्रावणात उतरे, रक्तपेशी आत राहत.

1943 च्या मार्चमध्ये यंत्र रोग्याला लागले. पहिल्या 16 रोग्यांपैकी 15 दगावले. 1944 च्या अखेरीस एखाद्या अनुदान समितीने कोल्फचा हिशेब मागितला असता तर तो काय दाखवणार होता? युद्धाच्या धामधुमीत स्टॉकहोमच्या नियतकालिकात छापलेला निबंध, आणि मृतांची यादी! असा माणूस आज कोणत्या समितीसमोर टिकेल, याची आम्हाला शंकाच वाटते. 1945 च्या सप्टेंबरात 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षे जगली. ती नाझींची पक्षपाती म्हणून कैदेत होती. कोल्फने तिलाही यंत्रावर घेतले.

आम्हाला त्या 1944 च्या निबंधाचे पहिले पान फार मोलाचे वाटते. कोल्फच्या पाठोपाठ तेथे बेर्क हे नाव आहे. हा डॉक्टर नव्हे, काम्पेनच्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याचा संचालक. यंत्र घडविण्यात त्याचा हात होता. तिसरे नाव ‘टेर वेले’. ही परिचारिका! रात्रंदिवस रोग्याच्या उशाशी राहणाऱ्या बाईला लेखकांत स्थान मिळाल्याचे उदाहरण तुम्ही कितीसे ऐकले आहे? कारखान्यातल्या साऱ्या कारागिरांची नावे मात्र त्या पानावर मावली नसणार.

युद्ध संपताच कोल्फने आपली यंत्रे लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल येथे पाठवून दिली, मोबदला न घेता. पुढे त्याने पुष्कळ लिहिले, ती गोष्ट वेगळी. आज डायलिसिसवर लिहिणारा त्या निबंधाचा दाखला देईलच असे नाही. जे सर्वांच्या हातात गेले त्याच्या मालकाचे नाव कोण विचारतो? याउलट, 1976 साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी 249 रोग्यांवरून एक सूत्र बसविले. रोग्याचे वय, वजन आणि रक्तातले क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडे कितपत चालतात याचा अंदाज येतो. औषधाची मात्रा ठरविताना ते इतके सोयीचे पडले की हजारो दाखले मिळाले. गंमत अशी की कॉकक्रॉफ्टची हयात पुढे दम्याच्या अभ्यासात गेली.

कोल्फच्या यंत्राला दर खेपेस नवी रक्तवाहिनी कापावी लागे, म्हणून जुनाट रोग्याचा निभाव थोडेच दिवस लागे. 1960 साली सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने हातात कायम ठेवता येणारी नळी बसविली, तेव्हा वर्षानुवर्षे डायलिसिस शक्य झाले. 2002 साली या दोघांना मिळून लास्कर पारितोषिक देण्यात आले. कोल्फ तेव्हा 91 वर्षांचा होता. समारंभात दोन नावे पुकारली गेली. 1944 च्या निबंधावर सहा आहेत.